सहाव्या वर्षीची दाढ

आज पदवी घेणारे तरुण डॉक्टर आणि मागच्या रांगांमध्ये बसलेले त्यांचे आईवडील,

तुमच्यातले पुष्कळ पालक आज पहाटेच्या एसटीने आले आहेत. म्हणून आधी तुमचं अभिनंदन करतो, मग मुलांचं.

मला एका दाढेची गोष्ट सांगायची आहे. नोकरी लागून मला दुसरंच वर्ष होतं. एका गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात आमचं शिबिर होतं. एक प्लास्टिकची खुर्ची, एक बादली, उकळून आणलेले चिमटे आणि भुलीची इंजेक्शनं, एवढाच संसार. दुपारी एक बाप तिसरीतल्या मुलीला घेऊन आला. तिचा गाल सुजला होता आणि तीन रात्री ती झोपली नव्हती. आ करायला लावलं तर खालची दाढ आतून पार पोखरलेली, नुसत्या कडा उरलेल्या. बाप म्हणाला, "काढून टाका डॉक्टरसाहेब. दुधाचीच हाय, दुसरी येईल."

ती दुधाची नव्हती. तिच्या जागी दुसरी कधीच येणार नव्हती. मी ती काढली, कारण दुसरं काही करायला माझ्याजवळ साधन नव्हतं आणि रूट कॅनालसाठी शहरात चार खेपा घालणं त्या बापाच्या रोजगाराला परवडणारं नव्हतं. संध्याकाळी काढलेल्या दातांचा आकडा मोठा भरला म्हणून आमचं कौतुक झालं, शाल-नारळ मिळाला. त्या आकड्यात ती दाढही होती. आठ वर्षांच्या मुलीची, उगवून दोनच वर्षं झालेली दाढ.

त्या बापाची चूक नव्हती. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि येताना कुणाची जागा घेत नाही. पुढचा दात पडला की घरात कळतं, पोरं तो कौलावर टाकतात. ही दाढ मात्र दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पाडता गुपचूप उगवते. आईबापांना वाटतं, आहेत त्याच दाढा आहेत. पहिली दोन-तीन वर्षं तिचं कवच पुरतं पक्कं झालेलं नसतं, माथ्यावरच्या खाचा खोल असतात आणि ब्रशचे केस त्या खाचांच्या तळाशी पोचत नाहीत. म्हणजे जिला पुढची साठ वर्षं भाकरी चावायची आहे, तिला सगळ्यात जास्त धोका असतो तो आल्या आल्या. त्या खाचा सीलंटने बुजवायला काही मिनिटं लागतात. सुई नाही, ड्रिल नाही, रडारड नाही. पण त्यासाठी मूल दुखायच्या आधी भेटलं पाहिजे, आणि आपल्या खुर्चीत माणूस येतो तो दुखल्यावर. गेली तीस वर्षं मी याच एका गोष्टीशी झगडतो आहे.

किडीचं शास्त्र तुम्ही परीक्षेत लिहिलंत. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच साडेपाचाच्या खाली गेला की कवचातली खनिजं विरघळू लागतात, मग लाळ हळूहळू ते सावरून घेते. सावरायला तिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. हे आता मराठीत सांगायला शिका. "गोड खाऊ नका" असं सांगणाऱ्या डॉक्टरचं गावात कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. सणाला पोटभर खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर गालात धरलेली गोळी आणि दर दोन तासांनी चहात बुडवलेलं बिस्किट जास्त घात करतं. लाळेला उसंत द्या, एवढं सांगितलं तरी आईला पटतं. शाळेसमोरच्या टपरीवर सुट्टीत काय विकलं जातं ते एकदा उभं राहून बघा, मग सल्ला द्या.

आता मिसरी. तुमच्यातल्या काहींच्या आजीने ती भाजलेली तुम्ही पाहिली असेल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर तो खमंग, डोळ्यांत पाणी आणणारा वास, मग चुरा करून डबीत भरायचा. सकाळी एकदा, दुपारी कामं आटोपल्यावर एकदा, झोपताना एकदा बोटाने हिरड्यांवर चोळायची. दातांच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ साली बंदी आली, पण चुलीवरच्या तव्याला कुठला कायदा लागू होणार? मी बायकांना विचारत आलो, तुम्ही मिसरी लावायला सुरुवात कधी केली? कुणी सांगतं, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पण एक उत्तर इतक्यांदा ऐकलं की ते माझ्या मनातून जात नाही: "दाढ दुखत हुती, म्हनून सासूनं लावाया दिली."

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. वेळेवर न भरलेली कीड म्हणजे तंबाखूला घरात यायला उघडं ठेवलेलं दार आहे. दाढ दुखली, जवळ दवाखाना नाही, पदराला पैसा नाही, मग हिरडीला मिसरी लागते आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच गालात कर्करोगाची चाहूल देणारा पांढरा चट्टा दिसतो. आपण दंतक्षय एका विभागात शिकवतो आणि मुखकर्करोग दुसऱ्या. त्या बाईच्या तोंडात मात्र दोन्ही विभाग एकाच दाढेपाशी असतात.

विदर्भात जाणाऱ्यांनी खर्रा ओळखून ठेवावा. २०१२ साली राज्याने गुटखा बंद केला, पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून हातावर मिळतोच. त्यातली नुसती सुपारीसुद्धा गालाचं अस्तर आवळत नेते. समोरच्या पोराला आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. दोनच गेली, तर पुढचं बोलणं खाली बसून, त्याच्या मित्रांना बाहेर पाठवून करा. मी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पाहिली आहेत ज्यांना आईने केलेला झुणका जिभेला लागताच डोळ्यांत पाणी येतं आणि भाकरीचा मोठा घास घेता येत नाही.

हे सगळं एकट्या डॉक्टरने होणार नाही, आणि ते तसं करायची गरजही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला, तुमच्यापैकी बहुतेकांचे वडीलही तेव्हा शाळेत गेले नसतील. पुढे केरळात तिरुवनंतपुरमला प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, नुसत्या डोळ्यांनी तोंडं पाहिली. त्याचे निष्कर्ष २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. तपासणारे दंतवैद्य नव्हते. आपल्या आशाताईला चट्टा कसा दिसतो ते शिकवा आणि तिने पाठवलेल्या बाईला तुमच्या दारात तासभर ताटकळत ठेवू नका. ताईचा शब्द राहिला, तर ती पुढच्या बाईला पाठवील.

साधनांचंही तसंच. वीज नाही म्हणून हात बांधून बसू नका. १९८० च्या दशकात टांझानियात दंतवैद्य जो फ्रेंकन यांनी हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरायची रीत बसवली, तिला ना ड्रिल लागतं ना वीज. ते ग्लास आयोनोमर सिमेंट, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि कीड थोपवणारं सिल्व्हर डायमीन फ्लोराइड ही तिन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सिल्व्हरच्या औषधाने डाग काळा पडतो, हे आईला आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती रागावून येईल आणि तिचं बरोबर असेल. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडची शिफारस करण्याआधी बोअरच्या पाण्याचा अहवाल मागा. तिथल्या काही गावांत मुलांच्या दातांवरचे खडूसारखे पांढरे आणि तपकिरी पट्टे किडीचे नसतात, पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे असतात.

तुमच्यातले बहुतेक जण खाजगी दवाखाना काढतील. काढा. कर्ज काढून शिकलात, घर चालवायचं आहे, त्यात कमीपणा काही नाही. मी तुमच्याकडे वर्षातल्या दोनच सकाळी मागतो. बॅनर नको, पेस्टच्या ट्यूबा वाटतानाचे फोटो नकोत. जून संपता संपता जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि फक्त पहिलीचा वर्ग बघा. सहा वर्षांची मुलं, दाढा नुकत्याच वर आलेल्या. त्या दिवशी नोंद करा, पालकांना शाळेत बोलावून त्यांच्या मुलाच्याच तोंडातली ती दाढ त्यांना दाखवा. दुसऱ्या सकाळी सीलंट घेऊन जा. वर्गात पावसाळी अंधार असतो, बॅटरी चांगली न्या. बाई दाराशी दोन बाकं जोडून देतात, आणि पहिलं मूल झोपलं की बाकीची न सांगता रांगेत उभी राहून, तोंडं उघडून वाट बघतात.