हौशी छायाचित्रकार आणि शहरातील पक्षी

मुंबईत माहीम येथील महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या सुमारे ३७ एकर जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई. आज तेथे गर्द झाडी असून पक्ष्यांचा राबता आहे. अशा उद्यानांतून कॅमेरा घेऊन हिंडण्याचा छंद निर्मळ खराच. फळांनी लगडलेल्या उंबराखाली तासभर स्वस्थ बसणाऱ्यास तांबट, कोकीळ आपणहून दर्शन देतात. त्यासाठी अरण्य गाठावे लागत नाही.

अडचण उद्भवते ती घरट्यापाशी. शिंपी पक्षी पाने शिवून त्यांच्या आडोशाला घरटे करतो. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून एखादा उत्साही गृहस्थ नेमकी तीच पाने बाजूस सारतो. पुढचे काम ऊन आणि कावळे करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. बंदुकीला कधी हातही न लावलेल्या या गृहस्थास ते सहसा ठाऊक नसते!

शाळेच्या सहलीत शिक्षकांनी घरटे दुरूनच दाखवावे, त्याच्या जागेचा गवगवा होऊ देऊ नये. पिले उडून गेल्यावर तोच शिंपी कुंपणावर हाताच्या अंतरावर येऊन ओरडत बसतो.