द्राक्षासवाचे घराणे

जयपूरहून आग्र्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर कानोता नावाचा जुना ठिकाणा येतो. ठिकाणा म्हणजे तिकडची जहागीर. इतिहासाच्या अभ्यासकांना कानोता ठाऊक आहे ते अमरसिंहांच्या रोजनिशीमुळे. १८९८ पासून १९४२ साली मृत्यू येईपर्यंत हे गृहस्थ नेमाने लिहीत राहिले. परंतु राजस्थानी मद्यांच्या जाणकारांना कानोत्याचे नाव ‘चंद्रहास’ या मद्यामुळेही परिचित आहे. ‘केसर कस्तुरी’, ‘जगमोहन’, शेखावाटीतील महनसरची मद्ये हा सारा त्याच कुळीचा परिवार. केशर, वेलदोडे, सुका मेवा, नाना वनस्पती यांचे प्रमाण घरातल्या घरात सांगितले जाई. बाहेर जात नसे. पुढे राजस्थान सरकारच्या गंगानगर साखर कारखान्याने अशा काही कृती विक्रीसाठी तयार करण्यास आरंभ केला, आणि घराण्याचे गुपित दुकानात आले.

मद्याची भलावण करावी हा माझा हेतू नाही. मला कुतूहल आहे ते घराण्याचे. या राजस्थानी मद्यांचे सारे रहस्य कागदावर मावणारे आहे. तो कागद आणि कसबी हात मिळाला, तर साताऱ्यातील काष्ठौषधींच्या दुकानातून जिन्नस आणून तेच मद्य बहुतांशी सिद्ध करता येईल. इटलीतील एखाद्या कुटुंबाच्या तांबड्या वाईनची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्यात मसाला नाही, केशर नाही. मुख्य जिन्नस एकच, द्राक्ष. मग त्या कुटुंबाजवळ वारशाने येते ते काय? येते ती जमीन.

फ्लॉरेन्सचे आंतिनोरी घराणे १३८५ सालापासून या धंद्यात आहे. त्याच तस्कनी प्रांतात कियांतीच्या प्रदेशाची सीमा १७१६ साली ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने ठरवून दिली. सीमेबाहेरच्या वाईनला ते नाव लावावयाचे नाही. इटलीचे पंतप्रधानपद भूषविलेले बेत्तिनो रिकासोली यांनी दीर्घकाळ प्रयोग करून १८७२ मध्ये एका पत्रात या वाईनची घडण सांगितली : आधार सांजोवेझे या तांबड्या द्राक्षाचा, बाकीची द्राक्षे त्याच्या साथीला. आपल्याकडे राग आणि घराणे यांचे जे नाते, तेच तेथे द्राक्ष आणि टेकडी यांचे आहे.

आणि घराणे आपले गाव सोडून नांदू शकते, हे आम्हा मराठी माणसांना कोणी शिकवावयास नको. जयपूरजवळच्या उणियाऱ्यात जन्मलेले अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी राहिले, आणि जयपूरची गायकी केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठात बहरली. पण गळा आणि वेल यांत फरक आहे. वेलीला ऋतू लागतो.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूज आहे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटलांचे गाव. येथील वैभव उसाचे. २००७ च्या सुमारास याच मोहिते-पाटील कुटुंबातील दोघे बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून येथे वाईनचा उद्योग मांडला. त्याला नाव दिले ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. तस्कनीतील अनुभवी मद्यकार पिएरो मासी त्यांना येऊन मिळाले. मोटेवाडी, निमगाव या परिसरात वेली लागल्या, आणि त्यांत सांजोवेझेही होती.

आता या वेलीवर काय प्रसंग आला असेल तो पाहा. तस्कनीत ती हिवाळाभर पाने टाकून निजते. वसंतात फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंडावत्या रात्रींत सावकाश पिकते. अकलूजला निजावयास हिवाळाच नाही. आपला बागाइतदार तिला कात्रीने ऋतू शिकवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. उन्हाळ्यात जी काडी तयार होते तिच्या डोळ्यांतच पुढच्या घडाची बीजे असतात. पाऊस सरता सरता दुसरी छाटणी, जिला आपण गोडी छाटणी म्हणतो. घड पिकू लागतो तो दिवसेंदिवस तापत जाणाऱ्या हवेत, तस्कनीच्या नेमका उलट. साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, आणि सालीचा रंग व तुरटपणा मागे रेंगाळतो. तांबड्या वाईनचा जीव तर सालीतच असतो. रस सालींसह आंबवावा तेव्हा तो रंग उतरतो. तेव्हा काढणीचा दिवस ठरविणे हीच परीक्षा. दोन-चार दिवसांची चूक पिंपात घालून दुरुस्त होत नाही.

येथल्या ‘सेत्ते’ या वाईनमध्ये सांजोवेझेला काबेर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाची जोड दिली गेली. ‘सेत्ते’ म्हणजे सात; सहा बंधू आणि मासी. कोणी म्हणेल, ही परंपरेशी फारकत झाली. परंतु खुद्द आंतिनोरींनी १९७० च्या दशकात ‘तिन्यानेल्लो’मध्ये हीच जोडी जमवली, कियांतीचे नियम झुगारले आणि नावावर पाणी सोडले. घराणी नुसती जपून टिकत नाहीत. ‘सेत्ते’ला कियांती म्हणता येणार नाही, आणि म्हणूही नये. तिला अकलूजची म्हणावे. पण अकलूज हे नाव नुसत्या बाटलीवर छापून होत नाही.

त्याची किंमत कोण देतो? महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले, तेव्हा नाशिककडे पुष्कळांनी वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. २००८ नंतर मंदी आली, काही कारखान्यांनी माल घेणे थांबवले, आणि शेतकऱ्यांनी वाढत्या वेली उपटून टाकल्या. खाण्याचे द्राक्ष मोठे, रसाळ, पातळ सालीचे. एकाने नाकारले तर दुसऱ्या बाजारात जाते. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांच्या ‘सोनाका’ने याच सोलापूर जिल्ह्याला त्या बाजारात नाव मिळवून दिले. वाईनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. मंडईत त्याला कोणी विचारीत नाही. शिवाय गुण राखावयाचा तर घड कमी ठेवावे लागतात. उसाला कारखाना आहे, दर आहे, पाणी मात्र पुष्कळ लागते. आणि पाणी हेच तर त्या तालुक्याचे जुने दुखणे.

लावलेल्या वेलीला चांगला घड धरावयास तीन-चार वर्षे लागतात, आणि त्या घडाला त्या मातीची ओळख पटावयास याहून पुष्कळ अधिक. आंतिनोरींच्या घरी सव्वीस पिढ्या झाल्या. अकलूजच्या वेली लावणाऱ्यांची मुले आता कोठे शिवारात उतरण्याच्या वयाची होत आहेत. दर ऑक्टोबरात कात्री हाती घ्यावयाची की त्या वावरात पुन्हा ऊस लावावयाचा, हे त्यांना ठरवावयाचे आहे.