आयनांबरातले बुडबुडे

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. विद्युतभारित कणांचा हा वायू म्हणजे प्लाझ्मा, आणि त्याचा थर म्हणजे आयनांबर. दिवेलागणीनंतर या थराची खालची बाजू झपाट्याने विरळ होते. वरची मात्र दाट राहते. पाण्याखाली सोडलेले तेल जसे वर उसळते, तसे खालचे विरळ प्लाझ्माचे बुडबुडे दाट थर भेदून वर चढतात. हे घडते चुंबकीय विषुववृत्तावर. भारतात ते दक्षिण टोकाजवळून जाते. बुडबुडा पुरेसा उंच गेला, तर चुंबकीय बलरेषांच्या आधाराने त्याची टोके उत्तरेकडे पसरतात आणि पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या आकाशातही उतरतात.

हे बुडबुडे थेट मोजायचे तर त्यांतूनच जावे लागते. युरोपीय अवकाश संस्थेने २२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्वार्म मोहिमेचे तीन उपग्रह सोडले. त्यांवरील लँगम्यूर शलाकेला ठरावीक विद्युतदाब देतात. तिच्याकडे वाहणाऱ्या प्रवाहावरून इलेक्ट्रॉनांची घनता कळते. बुडबुड्यात शिरताच हा आकडा कोसळतो. तिघांपैकी दोन उपग्रह जवळजवळ शेजारी उडत असल्याने कधी एक बुडबुड्यात असतो आणि दुसरा बाहेर. त्यातून बुडबुड्याच्या रुंदीचा अंदाज येतो. मोहिमेच्या आखणीतली ही मोठी खुबी. पहिल्या दोन वर्षांत या उपग्रहांचा जीपीएसशी संपर्क १६६ वेळा तुटला. त्यातले बहुतेक प्रसंग अशाच खळबळीच्या जागी घडले.

शलाका सेकंदाला दोनदा मोजते आणि दोन मोजण्यांच्या दरम्यान उपग्रह सुमारे चार किलोमीटर पार करतो. जीपीएसचे संदेश लुकलुकायला लावणारी काहीशे मीटरची विषमता त्यामुळे निसटते. तिथे जमिनीवरची साधने उपयोगी पडतात. आंबेगावशेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. एकाच दूरच्या दीर्घिकेच्या रेडिओ लहरी तबकड्यांपर्यंत आयनांबराच्या वेगवेगळ्या भागांतून पोहोचतात. त्यांच्या कलांतील फरकावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतला अगदी बारीक फरकही हाती लागतो. खगोलशास्त्रज्ञ एरवी हा फरक दोष मानून काढून टाकतात. आयनांबराच्या अभ्यासकाला तेच खरे मोजमाप.