‘सर्वांना प्रवेश’ या शब्दांत आपणही आहोत

(युवा अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



आयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘शहराचं सांस्कृतिक जीवन आणि मुस्लिम तरुण’. विषय मोठा आहे. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि माझा अनुभव असा की, मोठ्या विषयावर बोलायला लागलं की मागचा बाक झोपतो. म्हणून आज मी फक्त एका महिन्याची हकीकत सांगणार आहे. शहर माझं, म्हणजे मिरज. सोबत आठ-दहा किलोमीटरवरची सांगलीही येईल, कारण १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाडची महापालिका एकच आहे.

सुरुवात माझ्या भाच्यापासून झाली. वय एकोणीस, डिप्लोमाला आहे, हुशार आहे. डिसेंबरअखेर मी त्याला म्हटलं, “चल, सांगलीला एकांकिका आहेत, बघून येऊ.” त्यानं मोबाइलमधून मान वरही केली नाही. म्हणाला, “खाला, अपना वां क्या काम?”

आपलं तिथं काय काम! तो चिडून बोलला नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तितक्या सहज बोलला. मला त्या सहजपणाचीच भीती वाटली.

कारण हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, माझ्या अब्बांच्या तोंडून. अब्बा सतारमेकर गल्लीत कारागीर होते. तुमच्यापैकी काहींना ही गल्ली माहीत असेल. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिरजेत हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. हत्यारांचे दिवस संपत आले, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली. तिथून हा धंदा उभा राहिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे, ते वाळवायचे, कापायचे, त्यावर तुणाच्या लाकडाची दांडी बसवायची. आज देशभरातले गवय्ये मिरजेचा तानपुरा मागतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

अब्बा जवारी लावायचे. घोडीवरून तार जाते तिथं ती किती टेकावी, किती सुटावी, हे कानानं ठरवून घासायचं, त्याला जवारी म्हणतात. जरा जास्त घासलं गेलं की आवाज बसतो. अब्बांनी जवारी लावलेले तानपुरे मोठमोठ्या सभागृहांत गेले. अब्बा मात्र आयुष्यात एकदाही सभागृहात बसून गाणं ऐकायला गेले नाहीत. तानपुरा दुरुस्त करून मागच्या दारानं कलाकाराकडे द्यायचा आणि सायकलवरून घरी यायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आपलं काम झालं, आता आपलं तिथं काय काम?”

अब्बांना कुणी अडवलं नव्हतं. त्यांना जावंसं वाटलं असतं तर बसायला जागाही मिळाली असती. पण ते गेले नाहीत, आणि आता तिसरी पिढी तेच वाक्य बोलत होती. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. २००९च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला की संध्याकाळी सातनंतर पोरांनी गल्लीबाहेर जायचं नाही. दंगल थोड्या दिवसांत संपली. नियम राहिला. माझा भाचा तेव्हा अगदी लहान होता, त्याला दंगल आठवायचं कारण नाही, पण नियम त्याला पाठ आहे.

म्हणून मी त्याच्याशी पैज लावली. जानेवारीचा एक महिना. शहरात जे काही सार्वजनिक आहे, ज्या फलकावर ‘सर्वांना प्रवेश’ लिहिलंय, त्यातलं जमेल तितकं दोघांनी बघायचं. जाण्या-येण्याचा आणि चहाचा खर्च माझा. महिना संपल्यावर तो म्हणाला की आपलं तिथं काही काम नाही, तर मी पुन्हा कधी विचारणार नाही.

पहिला कार्यक्रम ३ जानेवारीचा, सावित्रीबाई फुले जयंतीचा. तिथं मी वक्ता होते. सावित्रीबाईंवर बोलायला दुसऱ्या एक बाई होत्या आणि मला विषय होता फातिमा शेख. १८५६ साली सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. त्यांच्याविषयी खात्रीची माहिती फार थोडी मिळते. ती मी सांगितली. घरी येताना भाच्यानं विचारलं, “खाला, तू शाळेत सावित्रीबाई शिकवतेस ना? मग तुला त्यांच्यावर का नाही बोलू दिलं?” मला उत्तर सुचेना. आयोजक भली माणसं होती. पण आपल्याला बोलावतात ते आपल्या वाटणीच्या विषयावर. ईद मिलनाला बोलावतात, एकोप्याच्या कार्यक्रमात मंचावर बसवतात, शिरखुर्म्याचं कौतुक करतात. त्यात वाईट काही नाही. पण मला नाटकावर बोलायचंय, नदीच्या पुरावर बोलायचंय, व्याकरणावर बोलायचंय. ते मला कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एकांकिका. तुम्हाला माहीत आहे, ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. तो १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवर’ नाटकाची आठवण म्हणून. इतक्या जुन्या नाटकाच्या गावाशेजारी राहून भाच्यानं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आम्ही सिटी बसनं गेलो. माझ्या डोक्यावर ओढणी, त्याला दाढी. दारावर बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकानं विचारलं, “कुणाकडे आलात?” बाकी कुणाला विचारलं नाही. मी म्हटलं, “एकांकिका बघायला.” तो ओशाळला, “या, या, बसा” म्हणाला. भाचा मात्र आतून आवळला गेला. पहिली एकांकिका त्यानं नीट पाहिलीच नाही. दुसऱ्या एकांकिकेत मुलाला नोकरी मिळत नाही आणि बाप ते शेजाऱ्यांपासून लपवत राहतो. तिथं तो पुढे सरकून बसला. परत येताना विश्रामबागपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, “तो बाप अगदी आपल्या अब्बासारखा होता.”

त्या स्वयंसेवकाबद्दल एवढंच म्हणेन, की त्यानं विचारायला नको होतं. तो अपमान होता आणि त्याला अपमानच म्हणायला हवं. पण आम्ही दारातून परत फिरलो असतो, तर त्याचा प्रश्न बरोबर ठरला असता. पुढच्या वेळी आम्ही चौघं गेलो, त्याचे दोन मित्रही होते. तोच स्वयंसेवक होता. त्यानं काही विचारलं नाही, रांग कुठं आहे ते दाखवलं.

त्यानंतर मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आला. १४ ते २८ जानेवारी. ग्रंथालयात पुस्तकांचं प्रदर्शन, शाळांत निबंध, एक-दोन व्याख्यानं. एका व्याख्यानानंतर प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा मी भाच्याला कोपरानं ढोसलं. तो उठला आणि विचारलं, “आम्ही घरी दखनी बोलतो, बाहेर मराठी. दखनीत मराठी शब्द भरपूर आहेत. मग मराठीच्या बोलींच्या यादीशेजारी आमची भाषा का येत नाही?” वक्ते थांबले. म्हणाले, प्रश्न चांगला आहे, मला अभ्यास करावा लागेल. कार्यक्रमानंतर दोन म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ आले आणि लहानपणी ऐकलेले दखनी शब्द सांगत बसले. आमची बस चुकली.

आता महिन्याचा शेवट, म्हणजे उरूस. ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा, त्यांना मिरजेत सगळे मीरासाहेब म्हणतात. या उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत दफन केलं. दर उरुसाला त्यांच्या स्मृतीची संगीत सभा भरते. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. पण त्यांनी मराठी नाट्यपदंही ध्वनिमुद्रित केली, पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्याच नावानं पुण्यात डिसेंबरमध्ये भरणारा महोत्सव तुम्ही ऐकून असाल.

मला वाटलं, इथं तरी भाचा घरच्यासारखा बसेल. आम्ही रात्री गेलो. बाहेर पाळणे, मिठाईची दुकानं, गर्दी. त्या गर्दीत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं भेटली. आत सतरंजीवर कोण होतं? सांगलीहून आलेली, कोल्हापूरकडून आलेली मंडळी, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, वह्या घेऊन बसलेले संगीताचे विद्यार्थी. आमच्या वयाचे, आमच्या गल्लीचे अगदी थोडे. भाचा माझ्या कानात म्हणाला, “खाला, हा दर्गा तर आपला, मग इथं पण आपण बाहेरच?”

त्या एका प्रश्नासाठी मी त्याचा महिनाभराचा चहा पाजला असं समजते.

तोवर माझी समजूत अशी होती की दार दुसऱ्यांनी लावून घेतलंय. काही दारं तशी आहेत, मी नाकारत नाही. पण हे दार उघडं होतं, आमच्या अंगणात होतं, आणि आम्ही पाळण्यात बसलो होतो. अब्बांनी आयुष्यभर ज्या वाद्यांची जवारी लावली, ती वाद्यं समोर वाजत होती. मी तिथं बसून पहिल्यांदा नीट ऐकली. अब्बा हयात असते तर हात धरून आणलं असतं.

इथं कुणीतरी विचारेल, संगीताचं काय? ते जायज आहे का? मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. ज्याला संगीत पटत नाही, त्यानं ऐकू नये. पण मग त्यानं ग्रंथालयात यावं, व्याख्यानाला यावं, विज्ञान प्रदर्शनाला यावं, २०१९च्या पुरानंतर नदीविषयी ज्या सभा झाल्या तशा सभांना यावं. संगीत नको म्हणून अख्खं शहरच नको, हा निष्कर्ष कुठल्या किताबात आहे, ते मला दाखवा. आणि मुलींना ‘रात्रीचं जाऊ नको’ म्हणणाऱ्या घरांना मी विचारते, मुलांना जा म्हणता, तर ती तरी कुठं जातात?

आता शेवटचा प्रसंग. महिना संपला आणि भाच्यानं स्वतःहून एक गोष्ट केली. गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. दरवर्षी त्याचा फलक गल्लीतच लागायचा. यानं मराठीत सूचना लिहिली, खाली ‘सर्वांना प्रवेश’ लिहिलं आणि ग्रंथालयाच्या फलकावर, नाट्यगृहाच्या चहाच्या टपरीवर नेऊन लावली. गल्लीबाहेरचे अकरा जण आले. त्यात दखनी शब्द सांगणारे एक गृहस्थही होते. त्यांचं वय रक्त देण्याचं नव्हतं, ते नुसते भेटायला आले. आणि आमच्याच मंडळातल्या एकानं त्यांना दारात विचारलं, “चाचा, किसके पास आए?”

भाचा माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही. बिल्ला लावलेला तो स्वयंसेवक आमच्याही गल्लीत राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तर मित्रांनो, मी तुम्हाला मोठं काही सांगत नाही. चार कामं सांगते. एक, आपल्या शहराची महिन्याची डायरी ठेवा. वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ या छोट्या चौकटीपासून सुरुवात करा. दोन, एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं जा, आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहू नका, खुर्चीवर बसा. महापालिकेचं नाट्यगृह असेल तर त्याच्या दिव्याचं बिल तुमच्या घरपट्टीतूनही जातं. तीन, प्रश्न विचारा, आणि तो फक्त मुसलमानांविषयीचा असला पाहिजे असं नाही. चार, आपल्या मोहल्ल्यात जे चांगलं चालतं त्याचा फलक मोहल्ल्याबाहेर लावा, आणि कुणी आलं तर ‘कुणाकडे आलात’ न विचारता खुर्ची पुढे करा.

पैजेचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. महिना संपल्यावर मी विचारलं, “काय रे, आपलं तिथं काही काम आहे का?” तो म्हणाला, “अजून ठरलं नाही. फेब्रुवारी बघू.”

आम्ही अजून बघतोय. चहाचा खर्च मात्र आता तो करतो.