कोणत्या खिडकीत दिवा?



समोरच्या वाड्याला चार खिडक्या आहेत आणि घरात कंदील मात्र एकच, अशी कल्पना करू. कंदिलाला चार रंगांच्या काचा लावता येतात. रंगावरून चार निरोप कळतील. पण कंदील कोणत्या खिडकीत ठेवला, यालाही अर्थ दिला, तर चार चोक सोळा निरोप होतात. आणि तेल जळते एकाच कंदिलाचे! आजच्या आमच्या विषयाचे सारे मर्म ह्या कंदिलात आहे.

बिनतारी यंत्राला अनेक अँटेना लावून प्रत्येकीतून एकाच वेळी निराळा मजकूर पाठविला, तर संदेशांचा ओघ कितीतरी वाढतो, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फॉशिनी यांनी 1996 साली दाखविले. परंतु तिथे जितक्या अँटेना तितकेच कंदील. म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्र वर्धक हवा, आणि वीज खाण्यात वर्धकाचा हात धरणारे दुसरे कोणी नाही. शिवाय साऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. त्या निवडण्याचा खटाटोप निराळाच.

2008 साली मेस्लेह, हास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत एका क्षणी एकच अँटेना बोलते, बाकीच्या मौन पाळतात. चार अँटेनांपैकी कोण बोलली यातून दोन बिट, म्हणजे ‘हो-नाही’चे दोन अंक, कळतात, लहरीच्या चार अवस्थांतून आणखी दोन. एकूण चार.

पण बोलणारी ओळखायची कशी? शेजारच्या खोलीतला आवाज ऐकून माणूस ओळखतो, तशीच. भिंती, झाडे, वाहने यांवर आपटत प्रत्येक अँटेनाची लहर निराळ्या वाटेने येते व निराळी खूण घेऊन येते. ठरलेले संकेत आधी पाठवून त्या खुणा घेणाऱ्या यंत्राला शिकवाव्या लागतात. वाटा सारख्या असल्या की खुणाही सारख्या होतात आणि फसगत होते.

दुसरी उणीव अधिक मोठी. अँटेना दुप्पट केल्या तरी एकच बिट वाढतो: आठांना तीन, सोळांना चार. सोळा अँटेना एकदम बोलल्या असत्या, तर त्यांनी सोळा निरनिराळे प्रवाह वाहिले असते. म्हणून जिथे प्रचंड वेग हवा, तिथे ही युक्ती अपुरी पडते. जिथे वीज मोजून मिळते, तिथे तिचे मोल आहे.

अधिक बोलायचे तर अधिक तेल जाळलेच पाहिजे, असे नाही. दिवा कुठे ठेवावा, हे कळले तरी पुष्कळ साधते.