संत ख्रिस्तोफरचें पदक
(ज्युबिलीनिमित्त तरुणांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदांत एक कठोर गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. वृद्ध आईबापांच्या देखत तरुणांच्या शवपेटीवर पवित्र जल शिंपडण्याचे प्रसंग आम्हांवर आले आहेत. २०२२ ह्या एका वर्षांत भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. बहुतेक मृत्यूंचें कारण अतिवेग!

तुमच्या गाडीला संत ख्रिस्तोफरचें पदक असतें, आरशाला जपमाळ असते. हेल्मेट मात्र घरीं खुंटीला! ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्यास सैतानानें सुचविलें, तेव्हां प्रभु येशूनें देवाची परीक्षा पाहण्याचें नाकारिलें. उघड्या डोक्यानें भरधाव जाणें ही तीच उडी होय.

संत ख्रिस्तोफरनें बालयेशूस खांद्यावर घेऊन नदी ओलांडिली, असें परंपरा सांगते. तुमच्या मागें बसलेली बहीण किंवा मित्र ही तशीच ठेव आहे. कायद्यानें हेल्मेट चालकाप्रमाणें मागें बसणारासही आवश्यक केलें आहे. मागें बसणारांनो, वेग वाढतांच “हळू चालव” असें सांगा. मद्य प्यालेल्याच्या गाडीवर बसूं नका, मग तो लग्नघरचा सोयरा कां असेना!

आईबापहो, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं गाडी देऊं नका. त्यानें गुन्हा केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें, पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

पांचवी आज्ञा रस्त्यावरही लागू आहे. पदक अवश्य लावा. परंतु आधीं हेल्मेटचा पट्टा बांधा, मग क्रुसाची खूण करा. परमेश्वर तुम्हांस सुखरूप घरीं आणो!