गोदाकाठच्या जाळीतला सिंह



सातवाहनांच्या या पैठणनगरीत, गोदामाईच्या काठी, आपण जमलो आहोत. उत्कट प्रेमाच्या कवितेचा अर्थ लावायचा कसा, हा आपला विषय. त्यासाठी हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’पेक्षा जवळचा साक्षीदार मला दिसत नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सुमारे 700 गाथांपैकी एकीत कुणी स्त्री एका धार्मिक माणसाला निर्धास्त फिरायला सांगते. तो ज्या कुत्र्याला भ्यायचा, ते सिंहाने मारलं म्हणे; आणि हा सिंह राहतो गोदाकाठच्या जाळीत! प्रेमाचा उच्चारही नाही. तरी नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनीचं, म्हणजे सूचित अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली: शब्दांत ‘फिरा’, आशयात ‘फिरकू नका’. ‘ध्वन्यालोका’चा टीकाकार अभिनवगुप्त याने त्यामागची तगमग दाखवली. ती जाळी म्हणजे प्रियकराला भेटायची जागा, आणि हा भला माणूस तिथली फुलं-पालवी खुडून आडोसाच विरळ करत होता.

यावर आक्षेप जुनाच आहे. न लिहिलेलं वाचायचं ठरवलं, तर कुणीही काहीही अर्थ काढेल. तसं होत नाही, कारण शब्द लगाम धरून असतात. कुत्र्याला भिणाऱ्यापुढे सिंह उभा केला आहे आणि त्याचा पत्ताही नेमका दिला आहे. हे दोन्ही वगळून केलेला अर्थ टिकत नाही. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त म्हटलं, की हे तर निव्वळ अनुमान, त्याला ध्वनी कशाला? त्याचा तर्क भक्कम आहे. पण अनुमानाने ‘जाऊ नये’ एवढंच हाती लागतं. पानांच्या आडोशासाठी सिंह रचणाऱ्या बाईच्या छातीतली धडधड लागत नाही. कुणी म्हणेल, ही चतुराई झाली, गाढ प्रेम कुठे आहे? मला ते इथेच दिसतं. ज्याचं नावही घेता येत नाही, त्याच्यासाठी ती चार झुडपं राखते आहे. त्या धार्मिकाला फक्त सिंह ऐकू यावा, ही तिची गरज. वाचकालाही तेवढंच ऐकू आलं, तर तो धार्मिकाच्याच जागी उभा राहतो.

पहिल्या सत्राची सुरुवात याच गाथेच्या वाचनाने होते आहे. या, ऐकू या.